फुटाला एक सूत

माझ्या हत्यारांच्या पेटीत चार पोलादी पट्ट्या आहेत आणि चारही साध्या पट्टीशी जुळत नाहीत. एकीवरचा फूट खऱ्या फुटापेक्षा एक सूत लांब, दुसरीवरचा सव्वा सूत, तिसरीवरचा दीड सूत, चौथीवरचा दोन सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आम्हा सुतारांचं जुनं माप. पहिली पट्टी बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, कामाची, दुसरी ॲल्युमिनियमच्या, तिसरी पितळेच्या, चौथी पोलादाच्या. वितळलेला रस साच्यात गोठून थंड होताना आकसतो, आणि प्रत्येक धातू आपापल्या हिशेबानं आकसतो. बिडाचं फूटभर लांबीचं कास्टिंग, म्हणजे ओतून केलेला भाग, पाहिजे असेल तर त्याचा लाकडी नमुना फूट आणि वर एक सूत एवढा करावा लागतो. त्या नमुन्याला पॅटर्न म्हणतात, करणाऱ्याला पॅटर्न मेकर. चौतीस वर्षं मी पॅटर्न मेकर होतो.

‘होतो’ हा शब्द लिहायला मला बराच वेळ लागला. बेळगावच्या उद्यमबाग या कारखान्यांच्या वसाहतीतलं माझं वर्कशॉप मी 2023 सालच्या दसऱ्यानंतर बंद केलं. खंडेनवमीला हत्यारं पुजली, पुढच्या महिन्यात शेडची किल्ली मालकाला दिली. ‘कॉम्प्युटर आला आणि काम गेलं’ असं लोक एका वाक्यात सांगून टाकतात. ऐकताना ते खरं वाटतं, पण माझ्या डोळ्यांसमोर ते तसं झालं नाही. म्हणून जसं घडलं तसं लिहून ठेवतो आहे.

आम्ही बेळगावजवळच्या येळ्ळूरचे सुतार. आमचे आप्पा नांगर, कुळव, तिफणी, बैलगाडीची चाकं करायचे. गावात भाताची शेती, त्यामुळे पावसाळ्याच्या तोंडावर अंगणात शेतकऱ्यांची रांग असायची. मी शाळेत असतानाच ती रांग आखूड होत गेली. ट्रॅक्टर आले, लोखंडी अवजारं आली. मी दहावी झालो तेव्हा आप्पांनी मला आपल्या हाताखाली घेतलं नाही, मामांकडे धाडलं. मामा उद्यमबागेत फाउंड्रीवाल्यांसाठी, म्हणजे धातू ओतणाऱ्या कारखान्यांसाठी, पॅटर्न करायचे. आप्पा म्हणाले, “माझ्याजवळ शिकून काय करणार? तिकडं लोखंडाला लाकूड लागतंय.” ते साल 1989.

त्यांचं ते बोलणं मला पुढं पुष्कळदा आठवलं. आमच्या बेळगावला लोखंडाचा इतिहास जुना आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 साली इथंच सायकलचं दुकान काढलं, पुढं लोखंडी नांगर केला, आणि 1910 साली पलीकडं किर्लोस्करवाडीला गेले. इथला किर्लोस्कर रोड अजून त्यांच्या नावानं आहे. त्या लोखंडी नांगरानं गावोगावच्या सुतारांचं काम कमी केलं. पण त्याच नांगराचे ओतीव भाग ओतायला आधी कुणीतरी लाकडात घडवून दिले असणार. म्हणजे जे काम मी शिकायला गेलो, ते आप्पांच्या कामाच्या मुळावर आलेल्या वस्तूंच्या आधारानं उभं होतं. तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो, हे असं काही मनात आलं नाही. तिसरं रेल्वे गेट ओलांडून सायकल उद्यमबागेत शिरली की कोळशाचा आणि जळक्या रेतीचा वास यायचा, आणि आपण मोठ्या ठिकाणी कामाला लागलो असं वाटायचं.

पहिले सहा महिने मामांनी मला फक्त हत्यारांना धार लावायला आणि फळ्या रंधायला ठेवलं. पटाशीची धार अंगठ्याच्या नखावर टेकवून बघायची. घसरली तर पुन्हा दगडावर. सागवान जुनं, वाळलेलं पाहिजे. ओलं लाकूड वापरलं तर पॅटर्न महिनाभरात पीळ खातो. मी एकदा फळीकडे नुसता बघत उभा होतो तर मामा म्हणाले, “काय बघूलायस? डोळ्यानं कळत नाही ते, हात फिरव की.” खरंच, कागदाच्या जाडीचा उंचवटा डोळ्याला दिसत नाही, पण बोटांच्या टोकांना कळतो. ते कळायला मला वर्ष लागलं.

हे काम ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगतो. लहानपणी ओल्या वाळूत पाय रोवून, वर वाळू थापून, हलकेच पाय काढून घेत आपण खोपा करायचो. फाउंड्रीत तेच चालतं. पायाऐवजी पॅटर्न, वाळूऐवजी बेंटोनाइट माती आणि कोळशाची पूड मिसळलेली रेती. पेटीत पॅटर्न ठेवून रेती ठोकून भरतात, पॅटर्न काढून घेतात, राहिलेल्या पोकळीत रस ओततात. सगळी मेख त्या काढून घेण्यात आहे. पाय सरळ ओढला आणि खोपा ढासळला, हे प्रत्येक पोरानं अनुभवलेलं असतं. म्हणून पॅटर्नच्या उभ्या भिंती कधी उभ्या ठेवत नाहीत. त्यांना एक-दोन अंशांचा उतार देतात. त्याला आम्ही टेपर म्हणतो.

एखाद्या पंपाच्या बॉडीचं ड्रॉइंग आलं की मामा आधी ते भिंतीला लावून चहा पीत बसायचे. अर्धा दिवस हत्याराला हात लावायचे नाहीत. ते काय करत असत, हे मला नंतर कळलं. हा पॅटर्न कुठून दोन भागांत कापायचा, ते ठरवत असत. वरच्या पेटीत कोणता अर्धा, खालच्या पेटीत कोणता. रेतीचा साचा भरणाऱ्या मोल्डरला पॅटर्न उचलताना कुठं रेती धरून बसेल. आतली पोकळी करणारा रेतीचा कोअर कशाच्या आधारावर बसेल. रस कुठून आत जाईल. त्या कापाच्या रेषेला पार्टिंग म्हणतात. पार्टिंग चुकलं तर पुढची सगळी कारागिरी वाया. मामा म्हणायचे, “ड्रॉइंगमधे काय दिसतंय ते करू नको. रेतीतनं काय निघणार ते कर.”

मग लाकूड. गोल भाग एकाच ओंडक्यातून कोरत नाहीत, कारण लाकूड आडव्या रेषेत जास्त हलतं. चाकाच्या पाट्यांसारखे खंड कापायचे, विटांच्या थरासारखे सांधे चुकवत एकावर एक चिकटवायचे, मग लेथवर फिरवून गोल करायचे. जिथं मशीनिंग, म्हणजे मशीनवर तासून नेमकं माप आणायचं काम, होणार तिथं दोन-तीन मिलिमीटर जास्तीचं अंग ठेवायचं. आतल्या कोपऱ्यात मेणाची किंवा चामड्याची पट्टी बसवून कोपरा गोलसर करायचा, नाहीतर कास्टिंग तिथंच तडकतं. दोन्ही अर्ध्यांमध्ये पितळी डॉवेल, म्हणजे जोडखुंट्या, बसवायचे, असे की जोडल्यावर सांधा दिसू नये. शेवटी स्पिरिटमध्ये भिजवलेली चपडा लाख, आणि रंग. आमच्याकडे कच्ची राहणारी बाजू लाल, मशीनिंगची पिवळी, कोअर जिथं टेकतो तो भाग काळा. कोअर बॉक्स वेगळाच करावा लागे. त्यात लाकूड पोकळ कोरायचं. त्या पोकळीत रेती भरून भरीव कोअर होतो. तो कोअर कास्टिंगमध्ये पुन्हा पोकळी करतो. पोकळ, भरीव, पुन्हा पोकळ. सुरुवातीला माझं डोकं गरगरायचं. दोन वर्षांनी असं झालं की वाटीकडं बघितलं तरी मला तिचा साचा दिसायचा.

फाउंड्रीत मोल्डर बहुतेक पूर्वेकडच्या गावांतले, कानडी बोलणारे. आमचा पॅटर्न त्यांच्या हातात गेला की खरी परीक्षा. एक वयस्कर मिस्त्री होते. ते पॅटर्न उचलून उलटसुलट करत आणि मला सांगत, “टेपर स्वल्प जास्ती कोड्री.” कानडीतलं माझं पहिलं वाक्य हेच. मराठीत ‘टेपर जरा जास्त द्या’ असं म्हणायची वेळ माझ्यावर फारशी आलीच नाही. आमच्या शेडमध्येसुद्धा ते वाक्य कानडीतच चालायचं.

माझी सर्वांत मोठी चूक 1994 सालची. एका फाउंड्रीला ॲल्युमिनियमची मॅच प्लेट पाहिजे होती. मॅच प्लेट म्हणजे एका पत्र्याच्या दोन्ही अंगांना पॅटर्नचे दोन अर्धे. अशा वेळी आधी लाकडाचा मास्टर करतात, त्यावरून ॲल्युमिनियमचा पॅटर्न ओततात, आणि त्या ॲल्युमिनियमवरून बिडाची कास्टिंग. म्हणजे आकसणं दोनदा: एकदा ॲल्युमिनियम सव्वा सूत, मग बीड एक सूत. लाकडात मिळून फुटाला सव्वादोन सूत जास्त पाहिजे. मी फक्त बिडाची पट्टी घेतली आणि काम करून मोकळा झालो. कास्टिंग मशीनवर चढल्यावर कळलं. मशीनिंगला ठेवलेलं अंग आधीच संपलेलं. फ्लॅन्जच्या, म्हणजे जोडायच्या कडेच्या, तोंडावर हत्यार पोचतच नव्हतं. कारखान्यात याला ‘काळं राहिलं’ म्हणतात. त्या लॉटचं सगळं बीड परत भट्टीत गेलं आणि प्लेटचा खर्च मामांच्या डोक्यावर आला. मामा त्या दिवशी माझ्याशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला कोरी लाकडी पट्टी दिली आणि सव्वादोन सुतांचे भाग स्वतःच्या हातानं आखायला लावले. संध्याकाळ झाली. ती पट्टी पुढं कामातच झिजून मोडली, पण त्यानंतर आकसणं मी विसरलो नाही.

1990 च्या दशकाच्या शेवटी मामांचे गुडघे गेले आणि वर्कशॉप माझ्याकडे आलं. तेव्हा माझ्या हाताखाली तीन पोरं होती.

आता काम कसं गेलं ते सांगतो. कॉम्प्युटरच्या आधी मोल्डिंग मशीन आलं. हातानं रेती ठोकणारे मोल्डर कमी झाले, त्या जागी हवेच्या दाबानं रेती दाबणारी मशीनं आली, मोठ्या फाउंड्रीत तर आख्ख्या लाइनी बसल्या. लाकडाचा पॅटर्न त्या दाबाला आणि त्या वेगाला टिकत नाही. कडा झिजतात, ओल धरतो. त्यामुळे जिथं पाच हजार नग लागणार तिथं धातूचाच पॅटर्न. आमचं लाकूड मास्टरपुरतं उरलं. वरवर पाहता ऑर्डर तेवढ्याच होत्या, म्हणून मला फटका लगेच कळला नाही. पण पूर्वी प्रत्येक पॅटर्न काही महिन्यांनी डागडुजीला परत यायचा: कड भरून दे, रंग मार, डॉवेल बदल. पॅटर्न मेकरचं घर खरं त्या डागडुजीवर चालायचं. ती बंद झाली. पहिलं पोरगं मी तेव्हा कमी केलं. दुसरं स्वतःहून फर्निचरच्या कामाला गोव्याला गेलं.

मग ड्रॉइंगचा कागद यायचा बंद झाला. पार्टी, म्हणजे काम देणारी कंपनी, कॉम्प्युटरवरच्या मॉडेलची फाइल पाठवायला लागली. ज्या टूलरूमकडे, म्हणजे पॅटर्न-साचे बनवणाऱ्या वर्कशॉपकडे, व्हीएमसी हे कॉम्प्युटरवर चालणारं धातू कापायचं मशीन होतं, ते ती फाइल घेऊन ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून थेट पॅटर्न कापून देऊ लागले. मास्टर नको, दुहेरी आकुंचन नको. फाइलला एक आकडा दिला की सगळं मॉडेल शेकडा एकनं मोठं होतं. मला ज्या कामाला दहा-बारा दिवस लागत, ते दोन-तीन दिवसांत होऊ लागलं. मापही माझ्यापेक्षा नेमकं, हे कबूल करायला हवं. मी व्हीएमसी घ्यायचा विचार केला. किंमत लाखांच्या घरात. बँकेत गेलो तर शेड भाड्याची, नावावर भातशेतीचा तुकडा, तोही भावांत सामाईक. दोन वेळा कर्जाची फाइल परत आली, तिसऱ्यांदा मी गेलो नाही.

उरलेलं काम म्हणजे एक-दोन नगांचं. जुन्या मशीनचा मोडलेला भाग, गुऱ्हाळाच्या चरकाचं दात गेलेलं चक्र, असलं. मला वाटायचं, एवढं तरी आपल्याकडे राहील, कारण एका नगासाठी व्हीएमसी कोण चालवणार? एक दिवस ओळखीच्या फाउंड्रीत मालकानं माझ्या हातात पांढरा पॅटर्न ठेवला. प्लास्टिकचा, हलका, आतून पोकळ. नखानं खरवडलं की बारीक थर लागत होते. रात्री प्रिंटर लावला आणि सकाळी काढला, म्हणाला. मी तो हातात धरून बराच वेळ उभा होतो. काही ठिकाणी तर रेतीचा साचाच प्रिंट करतात, त्याला पॅटर्न लागतच नाही, हेही त्यानंच सांगितलं. बेळगाव जिल्ह्यातल्याच हत्तरगीला विमानाचे सुटे भाग बनतात हे मला माहीत होतं, पण ते जग हायवेच्या पलीकडचं वाटायचं. त्या दिवशी ते माझ्या तळहातावर होतं.

2021 साली, दुसरा लॉकडाऊन उठल्यावर, मी टिळकवाडीत एका क्लासला नाव घातलं. थ्री-डी मॉडेलिंग, संध्याकाळी दोन तास. मी 49 वर्षांचा, बाकीची पोरं डिप्लोमाची. शिकवणारे सर 24 वर्षांचे, बैलहोंगलकडचे. ते मला काका म्हणायचे, मी त्यांना सर. पहिल्या आठवड्यात माझ्या हाताला माऊस धरवेना. लाकडावरचा बारकावा ओळखणारी बोटं त्या गुळगुळीत प्लास्टिकवर मुकी झाली होती. घरी येऊन मी भाकरीच्या परातीशेजारी लॅपटॉप ठेवून सराव करायचो. मुलगी कमांडचे अर्थ मराठीत लिहून द्यायची.

तिसऱ्या आठवड्यात सरांनी प्रत्येकाला आवडीचा भाग काढायला सांगितला. मी पंपाची बॉडी घेतली. इतरांनी आधी संपूर्ण भाग उभा केला. मी आधी मधोमध एक सपाट पातळी आखली आणि वरचा-खालचा अर्धा वेगळा काढायला लागलो. सर मागं येऊन उभे राहिले. “काका, तुम्ही आधीच का कापता?” मी सांगितलं, रेतीतून निघालं पाहिजे म्हणून. ते खुर्ची ओढून बसले आणि त्या दिवशीचे दोन तास मला विचारत राहिले. त्यांनी फाउंड्री लांबून पाहिली होती, आत रेतीवर कधी उभे राहिले नव्हते. पुढच्या रविवारी मी त्यांना घेऊन गेलो.

याच क्लासात मला आणखी एक गोष्ट कळली आणि ती लिहिणं भाग आहे. सॉफ्टवेअरमध्ये टेपर तपासायची सोय असते. पॅटर्न ज्या दिशेनं काढायचा ती दिशा दाखवली की निघणाऱ्या भिंती एका रंगात दिसतात, अडणाऱ्या दुसऱ्या. मी माझा एक जुना ब्रॅकेट त्यात काढला, वर्षानुवर्षं चाललेला, मला अभिमान होता त्याचा. एका खिशाची आतली भिंत वेगळ्या रंगात आली. मी म्हटलं, मॉडेल काढताना चूक झाली. घरी जाऊन फळीवर ठेवलेला लाकडी पॅटर्नच मोजला. भिंत खरंच आतल्या बाजूला झुकलेली होती, अर्ध्या अंशानं. त्या कामावर एक मोल्डर दर वेळी कुरकुरायचा, रेती तुटते म्हणून. आणि मी दर वेळी त्याला सांगायचो की तुमची रेती ओली आहे. बारा वर्षं सांगत होतो. त्याला भेटून बोलायचं मनात आलं, पण तो काम सोडून कधीच गावी गेला होता.

त्यानंतर मशीनबद्दल मनात जी अढी होती ती गेली. काम गेल्याचं दुःख मात्र तसंच राहिलं, आणि या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला कळलं.

वर्कशॉप बंद केल्यावर एका टूलरूमनं मला बोलावलं. आता तिथं पगारावर आहे. तीन पोरं कॉम्प्युटरवर मॉडेल करतात, मी शेजारी बसतो. पार्टिंग कुठं, कोअरला आधार कुठं, कुठली भिंत मोल्डरला त्रास देईल, ते बघतो. मागं एकानं विचारलं, “काका, बीड म्हणजे एक टक्का, मग हा भाग लहान का नाही आला? उलट मोठा आला.” मी त्याला सांगितलं, एक टक्का हा मोकळ्या अंगानं आकसणाऱ्या बिडाचा आकडा. आत घट्ट मोठा कोअर असेल तर तो रसाला आकसू देत नाही, लांब सडसडीत भाग मोकळा आकसतो. एकाच कास्टिंगमध्ये लांबीला एक हिशेब आणि रुंदीला दुसरा लागू शकतो. मामांच्या वहीत प्रत्येक फाउंड्रीचा, प्रत्येक जातीच्या कामाचा असा हिशेब होता. ती वही मी ऑफिसात आणली. पोरांनी ती एक्सेलमध्ये उतरवली. मामांचं अक्षर त्यांना लागेना, तर मी वाचत होतो आणि ते टाइप करत होते. चार दिवस लागले. माझ्या आयुष्यातलं हे एक चांगलं काम झालं असं मी मानतो.

पण पटाशीला धार कशी लावायची हे कुणी विचारत नाही. खंड कसे जुळवायचे, आडव्या रेषेचं लाकूड कुठं वापरायचं, लाखेचे हात किती मारायचे, हे सगळं माझ्या हातात आहे आणि ते द्यायला दुसरा हात नाही. शेवटचं पोरगं, जे माझ्याकडे नऊ वर्षं होतं, ते आता मॉड्युलर किचनच्या कंपनीत आहे. त्याला मी दोष देत नाही. मी माझ्या मुलालाही शिकवलं नाही. आप्पांनी मला शिकवलं नव्हतं, तसंच.

यंदा एप्रिलमध्ये एका जुन्या फाउंड्रीतून फोन आला. पॅटर्नचा माळा रिकामा करायचा आहे, तिथं नवीन मशीनचं पॅनेल बसणार. पॅटर्नचे पैसे पार्टीनं दिलेले असतात, म्हणून पॅटर्न पार्टीचा. फाउंड्री तो नुसता सांभाळते. त्यांनी पार्ट्यांना पत्रं टाकली होती. काहींनी ‘फेकून द्या’ म्हटलं, काही कंपन्याच उरल्या नव्हत्या. माळ्यावरचं निम्मं काम मामांचं आणि माझं, म्हणून मालकांनी आधी मला विचारलं. ते त्यांचं मोठेपण.

तीन रविवार गेले. धातूच्या प्लेटा वेगळ्या, भंगारच्या भावात. लाकूड कुणाला नको होतं. सागवान असलं तरी तुकडे लहान, अंगात खिळे, वर रंगाचे थर. फर्निचरवाल्यानं बघून मान हलवली. शेवटी भट्टीवाला तयार झाला, टेम्पो त्याचा. मी प्रत्येक पॅटर्न हातात घेऊन पितळी डॉवेल उपसून काढत होतो. काहींच्या पोटाशी मामांची निळी पेन्सिल होती: ‘वर’, ‘खाली’, ‘हा तुकडा आधी काढणे’. पंप, व्हॉल्व्ह, लेथचे भाग, तेलघाण्याचं काहीतरी, आणि कशाचे ते मलाही न ओळखता येणारे. कितीतरी मशीनं अजून कुठंतरी चालू असतील, त्यांचे हे मूळ आकार.

शेवटच्या रविवारी क्लासचे सर मदतीला आले. आता ते आमच्या टूलरूमचंही काम करतात. त्यांनी ढिगातून एक अर्धा उचलला, शोधून दुसरा अर्धा काढला आणि जोडून पाहिला. डॉवेल आवाज न करता बसले. त्यांनी सांध्यावरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. “कुठं जोडलंय काका? लागत नाही.” मी म्हटलं, अंगठ्यानं बघा, बोटानं नको. अंगठा फिरवूनही त्यांना सापडला नाही.

पॅटर्नवर ड्रॉइंगचा नंबर होता आणि शेजारी पेन्सिलीनं लांबी, 8 इंच. त्यांनी बॅगेतून बारीक माप घ्यायचा व्हर्नियर काढला, लाकडाच्या उभ्या रेषेत धरला. 205.3 मिलिमीटर. मोबाइलवर 203.2 नं, म्हणजे खऱ्या आठ इंचांनी, भागलं आणि स्क्रीन माझ्यापुढं धरली: 1.0103.

“मामांनी हे कशानं मोजलं?”

मी पेटी उघडून पहिली पट्टी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती आपल्या स्टीलच्या पट्टीला लावून पाहिली, शून्याला शून्य जुळवून, आणि दुसऱ्या टोकाचा फरक नखानं दाबून धरला.

टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला. सरांनी ते दोन्ही अर्धे जोडलेलेच आपल्या बॅगेत ठेवले, पट्टी मला परत केली, आणि आम्ही उरलेला ढीग भरायला लागलो.